शब्द कुणाला लागतो ते बघा

मुलांच्या तोंडी बसलेल्या शब्दांवरून आईवडिलांमध्ये जे वाद होतात, त्यातले बहुतेक नको त्या शब्दांवरून होतात, असं माझं ठाम मत आहे. ठोकळ्यांचा मनोरा कोसळला आणि चार वर्षांचं मूल 'आयला!' म्हणालं, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाला ते ऐकून कसंसंच होतं, दुसऱ्याला हसू फुटतं. 'हे कुठून शिकला?' असा प्रश्न येतो, त्यावर 'एवढं काय त्यात, सगळेच म्हणतात' असं उत्तर येतं, आणि बोलणं वाढत जातं. त्याच दिवशी त्याच मुलानं आपल्याहून लहान मुलाला 'आंधळा आहेस का? दिसत नाही?' असं फटकारलेलं असतं. त्यावरून मात्र वाद होत नाही, कारण त्या वाक्यात 'वाईट' म्हणावा असा एकही शब्द नसतो.

हे वाक्य मुलाकडे कसं येतं ते नीट बघण्यासारखं आहे. गाडी चालवताना कुणी अचानक आडवं आलं की मोठं माणूस काचेच्या आतून ओरडतं, 'आंधळा आहे का हा?' बाहेरच्याला ते ऐकू जात नाही, त्यामुळे ओरडणाऱ्याला वाटतं, कुणाचं काही बिघडलं नाही. मागच्या सीटवरचं मूल मात्र ते वाक्य उचलतं, म्हणायचा सूर उचलतं, आणि कुणाची चूक झाली की हे म्हणायचं असतं हेही उचलतं. पुढे कधीतरी खेळता खेळता दुसऱ्या मुलाचा पाय त्याच्या रंगाच्या डबीला लागतो, रंग सांडतो, आणि तेच वाक्य बाहेर पडतं. आवाज तोच, भुवया तशाच वर. फक्त या वेळी मध्ये काच नसते. समोरचं मूल सगळं ऐकतं. त्याचा चेहरा आधी गोंधळतो, मग उतरतो, आणि ते रंगाकडे बघायचं सोडून स्वतःच्या पायाकडे बघायला लागतं.

'आयला'नं असं कुणाचं काही होत नाही. तो शब्द हवेत जातो आणि संपतो. तो ऐकायला खडबडीत आहे, चारचौघांत तो शोभत नाही, हे सगळं मान्य. पण तो कुणाकडे फेकलेला नसतो. मनोरा पडल्याचा धक्का बाहेर काढायला मुलाला काहीतरी हवं होतं आणि जवळ जे होतं ते त्यानं वापरलं. मोठ्या माणसांचंही तेच होतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवताना माणसांनी अपशब्द उच्चारला, तेव्हा त्यांनी साधा शब्द उच्चारताना सोसली त्यापेक्षा जास्त वेळ कळ सोसली. म्हणून मुलांना अपशब्द शिकवावेत असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. पण कळ आली, दचकायला झालं, हातातलं निसटलं, अशा वेळी तोंडून निघणारा उद्गार आणि माणसाला उद्देशून बोललेला शब्द ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण मुलांना बोलताना ती दोन्ही एकाच पारड्यात टाकतो.

मुलं नेमके असलेच शब्द का पकडतात, याचं कोडं पडायचं कारण नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल फक्त त्याच्याशी बोललेलं शिकतं असं नाही, कानावर पडलेलंही शिकतं. नमीरा अख्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हे दाखवून दिलं की दोन मोठी माणसं आपापसात बोलत असताना त्यांच्या बोलण्यात आलेलं एखाद्या वस्तूचं नवं नाव बाजूला बसलेली एवढी लहान मुलंही उचलतात. त्याआधी 1978 मध्ये सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे रंगाचं एक अनोळखी नाव सहज बोलता बोलता टाकलं होतं. 'तो निळा ट्रे नको, तो अमुक रंगाचा दे' असं म्हणतो ना, तसं. एवढ्यावर मुलांना त्या नावाचा थोडाफार अंदाज आला, आणि बऱ्याच जणांच्या मनात तो काही दिवसांनंतरही टिकून होता. हे एका सपाट सुरात उच्चारलेल्या, कुणाला काही वाटायला न लावणाऱ्या शब्दाबद्दल झालं. आता त्याच्या शेजारी फोनवर वैतागून म्हटलेलं 'डोकं नको खाऊ माझं' ठेवून बघा. आवाज चढलेला, चेहरा बदललेला, वाक्य छोटं आणि एका दमात म्हटलेलं, आणि म्हटल्याबरोबर फोन बंद. असं वाक्य मुलाच्या लक्षात राहिलं नाही तरच आश्चर्य.

त्यात पुन्हा आपण हसतो. मुलांच्या तोंडचे शब्द घट्ट होण्यात या हसण्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. तीन वर्षांचं मूल कमरेवर हात ठेवून 'काय वैताग आहे!' म्हणालं की घर खिदळतं. पुन्हा म्हणायला लावतात. कुणीतरी मोबाइल काढतं, व्हिडिओ नातेवाइकांकडे जातो, तिकडूनही हसऱ्या चेहऱ्यांची रांग येते. आठवड्याभरानं पाहुण्यांसमोर, पाहुण्यांनाच उद्देशून, मूल तेच म्हणतं आणि त्याला हात धरून आत नेलं जातं. या दोन प्रसंगांतून त्यानं कोणता नियम काढावा? त्याच्या दृष्टीनं शब्द तोच, अभिनय तोच. मागच्या वेळी बक्षीस मिळालं, या वेळी शिक्षा. नियम शोधायचा त्याचा प्रयत्न प्रामाणिक असतो, आपण त्याला नियमच दिलेला नसतो. आणि हसणारा एक, आत नेणारा दुसरा असं असेल, तर मूल शब्दाबद्दल काही शिकत नाही, आईबाबांपैकी कोण कसं आहे तेवढं शिकतं.

दटावण्याचंही असंच आहे. अल्बर्ट बांडुरा यांचा 1961 मधला प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतो. 72 लहान मुलं, एक हवेनं भरलेली मोठी बाहुली, आणि तिला मारणारं मोठं माणूस. मुलांनी नंतर ते मारणं जसंच्या तसं केलं हे सगळे सांगतात. त्या माणसानं मारताना उच्चारलेली वाक्यंही मुलांनी जशीच्या तशी म्हटली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. आपल्या वादाला त्याहून उपयोगी आहे तो त्यांचा 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला पुढचा प्रयोग. त्यात काही मुलांना बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली, काहींना बक्षीस मिळालेलं. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'तू जे पाहिलंस ते करून दाखव, मग खाऊ मिळेल' असं सांगितल्यावर फरक उरला नाही. शिकायचं ते सगळ्यांनी शिकून ठेवलेलं होतं.

घरातही हेच घडतं. दटावलं की शब्द जात नाही, दटावणाऱ्यासमोर तो बंद होतो. मग 'माझ्यासमोर तर तो कधीच असं बोलत नाही' असं एक जण अभिमानानं सांगतो, आणि त्यातून न बोलता सुचवतो की तुझ्यासमोर बोलतो याचा अर्थ तुझा धाक नाही. मूल एकासमोर एक आणि दुसऱ्यासमोर दुसरं बोलायला शिकलं, एवढाच त्या अभिमानाचा अर्थ असतो.

इथे या वादाचा जो भाग मला सर्वांत टोचतो तो येतो. मुलाच्या तोंडून काही भलतं आलं की पहिला प्रश्न 'काय म्हणाला?' हा नसतो, 'कुणाकडून शिकला?' हा असतो. त्या प्रश्नाचं बोट बहुधा ठरलेल्या दिशेला जातं. दिवसभर मुलाजवळ जो असतो, आणि अजूनही बहुतेक घरांत ती आईच असते, त्याच्यावर खापर फुटतं. नाहीतर 'तुझ्या भावाची भाषा', 'तुमच्याकडे सगळे असंच बोलतात' इथपर्यंत गोष्ट जाते. मुलाची भाषा मग निमित्तमात्र राहते, आणि जुनं काहीतरी उकरून काढलं जातं. मुलगी असेल तर आणखी एक माप निघतं. मुलानं म्हटलेलं 'साला' मिश्किल ठरतं, बहिणीनं म्हटलं की तोंडाला वळण नाही असं होतं. ज्या घरात हे दुहेरी माप चालतं तिथे शब्दांवरून कितीही शिस्त लावली तरी मुलं त्यातून शिकायचं ते वेगळंच शिकतात. शब्द मुलाच्या तोंडी चालत असेल तर मुलीच्याही तोंडी चालला पाहिजे, आणि तिच्या तोंडी चालत नसेल तर त्यालाही बंद. यात मधलं काही नाही.

आता जो पालक 'आयला'लाही हरकत घेतो, त्याची बाजू मी हलकी धरत नाही. त्याला एक खरी गोष्ट दिसत असते. घरात ज्यावर हसू येतं त्यावर बाहेर मुलाची किंमत होते. शिक्षक, मित्रांचे आईवडील, शेजारी, या कुणालाही आपल्या घरातली मोकळीक माहीत नसते. त्यांना फक्त एक मूल आणि त्याच्या तोंडचा शब्द दिसतो, आणि ते मत बनवून मोकळे होतात. अशा मताचा भुर्दंड मोकळं बोलणाऱ्या बापाला किंवा आईला पडत नाही, मुलाला पडतो. खेळायला बोलावणं येत नाही आणि का येत नाही हे मुलाला कळतही नाही. 'आम्ही बाबा मोकळे आहोत' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला मला क्वचितच दिसतो. मोकळेपणाची मजा आपण घ्यायची आणि त्याची किंमत चार वर्षांच्या जिवानं मोजायची, हे न्यायाचं नाही.

अमेरिकेत टिमोथी जे यांनी लहान मुलांच्या तोंडच्या अपशब्दांचा दीर्घकाळ अभ्यास केला. क्रिस्टिन जे यांच्यासह 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्यांना दिसलं की शाळेत पाऊल ठेवेपर्यंत मुलांकडे मोठ्यांसारखं शिवराळ बोलण्याची प्राथमिक तयारी झालेली असते. सौम्य शब्द किती गैर आहेत याबद्दल मात्र मुलांचा आणि मोठ्यांचा अंदाज जुळत नाही. म्हणजे शब्द पोचलेला असतो, त्याचं वजन पोचलेलं नसतं. ते वजन सांगणं हे आपलं काम आहे, आणि 'मोठा झाला की आपोआप कळेल' म्हणून ते टाळणं मला पटत नाही. आपोआप कळतं ते बहुतेक वेळा अपमान होऊन कळतं.

लहान मुलाला जागा आणि माणूस बघून बोलणं जमणार नाही, ही समजूतही खरी नाही. मॅरिलिन शॅट्झ आणि रॉशेल गेलमन यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं की चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलाला खेळणं समजावताना छोटी आणि सोपी वाक्यं वापरतात आणि मोठ्यांशी बोलताना लांब, गुंतागुंतीची. कुणी शिकवलेलं नसताना ती ऐकणाऱ्याप्रमाणे बोलणं बदलतात. ज्याला एवढं जमतं त्याला 'हा शब्द आपण घरात म्हणतो, शाळेत म्हणत नाही' हेही जमतं. फक्त ते शब्द तोंडातून बाहेर पडल्या क्षणी, सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात सांगून भागत नाही. नंतर, शांतपणे, दुसरं काहीतरी करत असताना सांगावं लागतं, आणि एकदा सांगून होत नाही. पर्यायी शब्द दिला तर आणखी सोपं जातं. 'अरेच्चा', 'हात्तिच्या', 'बाप रे' हे आपल्याकडे आहेतच, धक्का बाहेर काढायला ते पुरेसे आहेत. पण मोठ्यांनी स्वतः ते म्हटले तरच. हातातलं फुटल्यावर आपण एक म्हणायचं आणि मुलाला दुसरं म्हणायला लावायचं, हे फार दिवस टिकत नाही.

उद्गारांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावर एवढाही वेळ खर्च करावा का अशी मला शंका आहे. खरी काळजी दुसऱ्या जातीच्या वाक्यांची करायला हवी. 'रडूबाई.' 'मुलींसारखा रडतोस काय?' 'तुझ्याच्यानं काही होणार नाही.' 'जाड्या, सरक तिकडे.' 'गप बस, तुला काय कळतंय?' 'मर मग, मला काय.' यातली बरीच वाक्यं कुठल्याही सभेत म्हटली तरी कुणी कान झाकणार नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य एका माणसावर नेम धरून सोडलेलं आहे. मूल ती ज्या सहजतेनं उचलतं त्याच सहजतेनं स्वतःहून लहान, स्वतःहून हळू, स्वतःहून गोंधळलेल्या मुलावर वापरतं. मोठ्यांवर ते वापरत नाही. मोठ्यांवर वापरलं तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. म्हणजे वाक्याबरोबर त्यानं हेही शिकलेलं असतं की हे आपल्याहून कमी ताकदीच्या माणसाला म्हणायचं असतं. तेही आपल्याकडूनच. कारण आपण ते त्यालाच म्हणत असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं 2011 मध्ये बालहक्क कराराच्या 19 व्या कलमाचा खुलासा करताना मुलांवरच्या मानसिक हिंसेत काय काय येतं ते सांगितलं आहे. त्यात अपमान करणं, नावं ठेवणं, हिणवणं, थट्टा करणं, मुलाच्या भावना दुखावणं हे सगळं आहे. हिंसा हा शब्द घरातल्या रोजच्या बोलण्याला लावलेला ऐकून पुष्कळांना राग येतो. मलाही तो शब्द ऊठसूट वापरावा असं वाटत नाही. पण 'आयला'वरून दोन तास भांडणाऱ्या आईवडिलांनी आपण दिवसभरात मुलाला उद्देशून काय काय म्हटलं ते त्याच रात्री आठवून बघावं. एकमेकांना काय म्हटलं तेही. कारण मूल तेही ऐकतं, आणि रागावलेल्या माणसानं जवळच्या माणसाशी कसं बोलायचं याचा त्याच्यापुढचा नमुना तोच असतो.

मग दोघांचं पटलं नाही तर करायचं काय? माझ्या मते यात निम्मं-निम्मं करायची गरज नाही. शब्द माणसावर फेकलेला असेल तर दोघांपैकी ज्याला तो खटकतो त्याचं म्हणणं चालावं, आणि दुसऱ्यानं 'गमतीत म्हटलं' ही पळवाट वापरू नये. गंमत होती की नाही हे ज्याला तो शब्द लागला तो ठरवेल. शब्द नुसता उद्गार असेल तर ज्याला तो खटकत नाही त्याचं घरात चालावं, पण बाहेर कुठे तो म्हणायचा नाही हे मुलाला शिकवायची जबाबदारी त्यानंच घ्यावी. मोकळीक हवी असणाऱ्यानं मोकळीक द्यायची आणि बंधनं घालायचं अप्रिय काम दुसऱ्यावर सोडायचं, या वाटणीतच अर्ध्या घरांतली कुरबुर आहे. आणि हे सगळं मुलाच्या डोक्यावरून बोलायचं नाही. आपल्या एका शब्दानं आईबाबा भांडले हे मुलाच्या लक्षात आलं, की काही मुलं तो शब्द मुद्दाम पुन्हा म्हणून बघतात आणि काही मुलं घरात बोलायलाच कचरतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ वाईट.

अशी सहमती ज्या घरात होते तिथे पुढची अडचण लवकरच येते, आणि ती मुलाकडून येते. मुलं नियमांची पक्की असतात. बाबांच्या तोंडून फोनवर 'मूर्ख आहे तो' निघालं की चार वर्षांचा आवाज येतो, 'बाबा, माणसाला नाही म्हणायचं ना?' त्या क्षणी 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस' असं म्हणणं अगदी सोपं असतं. तसं म्हटलं की नियम फक्त लहानांसाठी आहे हे मुलाला कळून चुकतं, आणि आतापर्यंत घेतलेल्या कष्टांवर पाणी पडतं. 'हो, चुकलं माझं' असं म्हणायला हवं. आणि मुलानं ते ऐकावं म्हणून नुसतं म्हणून सोडायचं नाही, फोनवरच्या माणसाबद्दलचं वाक्य मुलासमोरच दुरुस्तही करायचं: तो मूर्ख नाही, त्यानं काम वेळेवर केलं नाही म्हणून मी चिडलोय.